अहमदाबादचे नाव, आफ्रिकेचे पाखरू

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे पोलादाच्या भट्ट्या उभ्या राहतात. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत येथील पहिली झोतभट्टी पेटली. परंतु या पोलादनगरीच्या आसपास, तळ्याकाठच्या उंच गवतात, पावसाळ्यात एक चिमुकले पाखरू ठिणगीसारखे चमकून जाते. ती लाल मुनिया. नराच्या तांबड्या अंगावर पांढरे ठिपके असतात. विणीचा हंगाम सरला की हा थाट उतरतो आणि नर जवळजवळ मादीसारखाच फिका दिसू लागतो.

पूर्वी ही पाखरे पिंजऱ्यांत भरून अहमदाबादेहून विलायतेस जात. त्या शहराच्या नावाचा परकीयांच्या तोंडी अपभ्रंश झाला, आणि १७५८ साली लिनिअसने तोच लॅटिन वेषात तिला चिकटविला : अमांडावा. पुढे तेच प्रजातीचेही नाव ठरले.

आता गंमत अशी, की आफ्रिकेतील सहाराच्या दक्षिणेकडील गवताळ माळांवर राहणारी एक मुनियाही याच नावाने ओळखली जाते. लांबी अवघी नऊ-दहा सेंटिमीटर, पोट पिवळे-नारिंगी, कुशीवर आडवे पट्टे, नराची भुवई लाल. घरटे बांधण्याचा खटाटोप ती सहसा करीत नाही. सुगरणीच्या कुळातील पाखरांची जुनी घरटी तिला पुरतात. व्हियो या फ्रेंच पंडिताने १८१९ साली तिचे वर्णन केले. नंतर मात्र तिच्या गोत्राविषयी एकमत होईना. कोणी तिला स्पोरीजिंथस या निराळ्या प्रजातीत बसविले, तर १९४३ साली देलाकूरने भारतीय मुनियांसह तिला एस्ट्रिल्डा या मोठ्या प्रजातीत ढकलले. एवढ्याशा जिवासाठी पंडितांनी इतके भांडावे, याचे नवल वाटते खरे. पण नाते कोणाशी, हा प्रश्न लहान नव्हे. आज बहुतेक सूचींत ती अमांडावातच आहे, म्हणजे तिचे सगोत्र आफ्रिकेत नसून आशियात आहेत.

त्यांतली एक, हिरवी मुनिया, केवळ भारतातच आढळते. तिच्याही कुशीवर तसेच पट्टे आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरही पारध्यांची जाळी तिला चुकली नाहीत, आणि आज ती जगाच्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. ज्या पिंजऱ्यांच्या व्यापारातून या गोत्राला नाव मिळाले, त्याच व्यापाराने या बहिणीची संख्या घटविली.