विमानप्रवासात जीपीएस
काकडी येथील शिर्डी विमानतळ 2017 मध्ये सुरू झाल्यामुळे परिसरातील गावांनाही हवाई प्रवास जवळचा झाला असून, विमानात जीपीएस वापरता येते का, हे प्रवाशांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. जीपीएस रिसीव्हर, म्हणजे सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संकेत टिपून स्थान काढणारा भाग, स्वतः काहीही प्रक्षेपित करीत नाही. म्हणून बहुतेक नव्या फोनांत तो ‘फ्लाइट मोड’मध्ये, म्हणजे मोबाइल नेटवर्क बंद असतानाही, चालतो. विमानाचे कवच संकेत अडवत असल्याने फोन खिडकीशी धरावा, किमान 4 उपग्रहांचे संकेत मिळेपर्यंत थांबावे आणि नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवावा. मात्र उपग्रहामार्फत संदेश पाठविणारे उपकरण भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाही, आणि विमानातील कर्मचाऱ्यांची सूचना सर्वांनी पाळलीच पाहिजे.