लाल बावटा कलापथक : जुळणी आणि फाटाफूट



1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर हे तीन शाहीर एकत्र आले आणि लाल बावटा कलापथक उभे राहिले. साधने काय? डफ, ढोलकी, तुणतुणे. पुढाऱ्याच्या तासभर भाषणाने गिरणी कामगाराला जो धीर येत नसे, तो एका पोवाड्याने येई. सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा अण्णाभाऊंनी त्यालाच लोकनाट्याचे रूप दिले. कला तगली, पथक मात्र फुटले. अमर शेखांनी आपले स्वतंत्र पथक काढले. तरीही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिघांचेही आवाज गर्जलेच! 1969 साली अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही गेले.

ठाणे-कल्याणकडे युनियन फुटते, तेव्हा कामगारांना आम्ही हेच सांगतो : झेंडे वेगळे झाले तरी मागणी एक ठेवा.