तिला आपल्यात बोलवा

जवान शहीद झाला की आपण त्याच्या घरी धीर द्यायला जातो. पण जो लढाईतून परतलाच नाही, ज्याचा देहही मिळाला नाही, त्याच्या घरी काय बोलायचं?

हवाई दलाचे वैमानिक विजय तांबे डिसेंबर १९७१च्या युद्धात पाकिस्तानवर चाल करून गेले, ते परत आले नाहीत. त्यांची पत्नी दमयंतीताई म्हणजे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. युद्धकैदी सुटले, त्यांत विजय नव्हते. २००७ मध्ये दमयंतीताई इतर कुटुंबांबरोबर पाकिस्तानातल्या तुरुंगांत शोधायला गेल्या. कुणी सापडलं नाही. सरकारी यादीत असे ५४ जण आहेत.

अशा बाईला गाव ना सवाष्ण म्हणतं, ना विधवा. बायांनो, कुंकू लावायचं की नाही, वाट पाहायची की नवा संसार मांडायचा, हे तिचं तिला ठरवू द्या. हळदीकुंकवाला तिला आवर्जून बोलवा. ‘आता विसर’ म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, ‘कसे होते गं ते?’ मग ती बोलेल तेवढा वेळ ऐका.