छोट्या टाकीतला समुद्र
रत्नागिरीला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयात रंगीत मासे पाहिले, की घरीही खाऱ्या पाण्याची टाकी हवीशी वाटते. पण मासा निवडावा तो रंगावरून नव्हे, त्याच्या वावरावरून. क्लाउनफिश निसर्गातही एखाद्या समुद्रफुलाभोवतीच राहतो, म्हणून त्याची जोडी शंभरेक लिटर पाण्यात रमते. निळा टँग मात्र फूटभर वाढतो, त्याला पोहायला ऐसपैस जागा लागते. दोनच मासे म्हणजे टाकी ओकीबोकी, असं कुणी म्हणेल. पण क्लाउनफिश दिवसभर हलतच असतो, आणि थोड्या पाण्यात मासे वाढले की अमोनियाही वाढतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला टाकीत भरायला समुद्राचं पाणी दारातच आहे, हेही खरं. पावसाळ्यात मात्र नद्यांमुळे किनाऱ्याजवळची क्षारता घसरते. विकत घेताना टाकीत पैदास केलेलेच मासे मागा. प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ते किनाऱ्यावरून उचलू नका.