हसरा मुखवटा

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम आला की घरातल्या सामानाची यादी आधी होते. माणसांच्या मनाची विचारपूस मागाहून. पुष्कळदा ती होतही नाही. काही वर्षांपूर्वी माझी नागपूरहून दिल्लीस बदली झाली तेव्हा असेच घडले. घरात खोकी बांधली जात होती आणि नुकतीच दहावी झालेल्या माझ्या मुलीच्या खोलीतून एकच इंग्रजी गाणे दिवसातून दहा वेळा ऐकू येत होते. बंद दारातून शब्द कळत नसत. बाहेर येई तो नुसता ठेका, पावले आपोआप हलू लागतील असा. मी मनाशी म्हटले, पोरीला दिल्ली पाहण्याचा आनंद झालेला दिसतो. एरवी नाचाचे गाणे कोण लावील?

एका संध्याकाळी तिच्याशेजारी बसून मी ते गाणे शब्दांसह ऐकले. गाणे निरोपाचे होते!

त्या गाण्याचे नाव ‘हॅपिअर’. 2018 च्या ऑगस्टमध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याचे कर्ते दोन पक्ष. एक मार्शमेलो नावाचा अमेरिकन डी.जे., म्हणजे यंत्रांच्या साहाय्याने नृत्यसंगीत रचणारा आणि वाजवणारा कलावंत. दुसरा पक्ष लंडनचा ‘बॅस्टिल’ हा बँड. या बँडचा गायक डॅन स्मिथ याचा जन्म 14 जुलैचा. त्याच तारखेला फ्रान्समधला बॅस्टिलचा तुरुंग पडला, म्हणून बँडला हे नाव. ठेका डी.जे.चा आणि गळा पाहुण्याचा, अशी ही भागीदारी. अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या याद्यांत हे गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले, आणि अमेरिकेतल्या नृत्यसंगीताच्या यादीत ते 69 आठवडे अग्रभागी होते. आपल्याकडेही तो डी.जे. अपरिचित नाही. 2019 च्या फेब्रुवारीत त्याने आपले संगीतकार प्रीतम यांच्याबरोबर ‘बीबा’ हे गाणे प्रसिद्ध केले आणि त्याच महिन्यात पुण्याच्या एका संगीत महोत्सवात हजेरी लावली.

हा मार्शमेलो लोकांपुढे येतो तो डोक्यावर बादलीसारखा पांढरा शुभ्र मुखवटा चढवून. डोळ्यांच्या जागी दोन फुल्या आणि खाली रुंद हसू. गाणे कोणतेही असो, हे हसू ढळत नाही. आणि ‘हॅपिअर’मध्ये त्या हसऱ्या मुखवट्याशेजारी उभा राहून पाहुणा गायक सांगतो काय? तर आपण दोघे एकमेकांच्या सहवासात सुखी राहिलो नाही. तू अधिक सुखी व्हावीस म्हणून, मन मागे ओढत असतानाही, मीच निघून जातो.

भरताच्या नाट्यशास्त्रात पाठ्याच्या लयीचा विचार आहे. हास्य आणि शृंगार यांना मध्य लय, करुणाला विलंबित, वीररौद्रादिकांना द्रुत, अशी तिथे वाटणी केली आहे. इथे तर करुण शब्दांना मिनिटाला सुमारे शंभर ठोक्यांची चाल दिलेली! प्रथम मला हा रसभंग वाटला. मग अनंत चतुर्दशी आठवली. गणपतीला निरोप द्यायला आपण ढोलताशे लावून, लेझीम खेळत निघतो. वाटभर पाय नाचतात आणि मूर्ती पाण्यात उतरते तेव्हा त्याच नाचणाऱ्यांचे गळे दाटून येतात. तो ठेका दुःखाला झाकत नाही. चार माणसांत ते वाहून नेण्याचे बळ देतो. एकट्याने रडायला जड जाते ते मिरवणुकीत सोसते. तरुण मुले या गाण्यावर नाचतात ती बहुधा अशीच.

हे सारे मी मुलीला मोठ्या उत्साहाने सांगितले आणि शेवटी म्हणालो, “केवढा त्याग आहे बघ या गाण्यात!”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पण बाबा, त्याने तिला विचारलंच नाही.”

“काय विचारलं नाही?”

“तिला कशात सुख वाटतं, ते. त्याचं त्यानेच ठरवलं.”

श्रोतेहो, सरकारी नोकरीत मी पुष्कळ शेरे वाचले आणि लिहिले आहेत. इतका नेमका शेरा क्वचितच वाचला असेन. ‘हॅपिअर’ म्हणजे ‘अधिक सुखी’. या ‘अधिक’चे माप कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न त्या गाण्यातल्या प्रियकराला पडला नव्हता, तसाच तो मलाही पडला नव्हता. दिल्लीत चांगले महाविद्यालय मिळेल, मुलीचे कल्याण होईल, असा निर्णय मी एकट्याने केला होता, आणि त्यावर तिची सही घ्यायची असते हे विसरलो होतो. तिच्या आयुष्यातली ती माझी चौथी बदली होती. प्रत्येक वेळी एक शाळा, एक गल्ली आणि दोनचार जिवाभावाच्या मैत्रिणी मागे राहिल्या होत्या.

त्या रात्री मी तिला प्रथमच विचारले. ती म्हणाली, “मला आजीजवळ राहू द्या. दोनच वर्षं.”

आम्ही तिला नागपूरला ठेवून आलो. स्टेशनवर तिने मला हसून निरोप दिला. त्या हसण्यामागे काय होते, ते मी ओळखू शकलो नाही. मुखवटे काही फक्त डी.जे.च वापरतात असे नाही. माझ्याही चेहऱ्यावर एक होताच. दिल्लीचे घर बरेच दिवस फार मोठे वाटत राहिले. कधी कुठल्या लग्नाच्या मांडवातून तो ओळखीचा ठेका ऐकू येई, आणि मी थबकून उभा राही. आसपासची मुले नाचत असत. मी मात्र खिशातला फोन काढून नागपूरला लावी आणि आधी एवढेच विचारी, “कशी आहेस?” मग उत्तर पुरते येईपर्यंत मध्ये बोलत नसे.