अर्ध्या आण्याचे स्वप्न
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बाबासाहेबांविषयी बोलताना आपण कोलंबिया, लंडन, राज्यघटना इथून सुरुवात करतो. आज साताऱ्याच्या शाळकरी भीमाविषयी बोलू. त्या मुलाचे स्वप्न काय होते? मुंबईच्या गिरणीत कामाला लागायचे!

साताऱ्याची मुले मुंबईला जाऊन गिरणीत लागतात, हे त्याच्या कानी आले होते. आपल्या पायावर उभे राहावे असे त्याला वाटू लागले. गाडीभाड्यासाठी त्याने आत्याची पैशांची पिशवी लांबवायचे ठरविले. तीन रात्री साधले नाही, चौथ्या रात्री साधले. पाहतो तर आत अवघा अर्धा आणा! चरित्रकार सांगतात की, त्यानंतर त्याने मन लावून अभ्यास सुरू केला.

हा प्रसंग ऐकून आपण हसतो. पण मूल स्वप्न पाहते ते डोळ्यांसमोर जे दिसते त्याचेच. भीमाला गिरणी ऐकून माहीत होती, बॅरिस्टर कुठून माहीत असणार? आणि गिरणीत गेला असता तरी काय? जास्त पगाराच्या विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ मानीत. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी हाच प्रश्न बाबासाहेबांनी लावून धरला.

दुसरा प्रसंग 1901 चा. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलाविले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे जोडे! आयुष्यात पहिल्यांदा आगगाडी! मुले हरखून गेली. मसूर स्टेशनावर उतरली, तर न्यायला कोणी नाही. पत्र वेळेवर पोचलेच नव्हते. स्टेशनमास्तरांनी आधी आपुलकीने चौकशी केली, पण जात कळताच ते मागे सरले. गाडीवान मिळाला तो दुप्पट भाड्याने, आणि तेही गाडी मुलांनी हाकायची, तो पायी चालणार. बरोबर भरपूर जेवण होते, पण पाणी कोणी देईना. मुले भरल्या डब्याजवळ उपाशी झोपली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात बाबासाहेबांनी हे स्वतः सांगितले आहे. विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावे. पुस्तिका लहानच आहे.

पुढे हायस्कुलात संस्कृत शिकायची इच्छा होती. तीही नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली.

आता बघा, तीन वेळा इच्छा मोडली, पण कारण दर वेळी एकच नव्हते. एकदा पैसा नव्हता, दोनदा जात आडवी आली. दुसऱ्यांदा ती गाडीवानाच्या तोंडून बोलली, तिसऱ्यांदा शिक्षकाच्या. इच्छिलेले न मिळणे हे दुःख आहे असे तथागतांनी सांगितले, म्हणून इच्छाच करू नये असा अर्थ काही मंडळी काढतात. आम्हांला तो पटत नाही. दुःखाला कारण असते, हेही त्यांनीच सांगितले ना? मग मुलगा नापास झाला, मुलीची शाळा सुटली, की ‘नशीब’ म्हणून मोकळे का व्हायचे? फी भरता आली नाही, की घरात अभ्यासाला जागा नव्हती, की अभ्यासच झाला नाही? तिन्हींवर औषध वेगवेगळे.

‘जिद्द असली की सारे होते’ हे वाक्य व्यासपीठावरून फार ऐकू येते. भीमाला जिद्द होतीच. पण पुस्तकांसाठी रामजींनी लग्न झालेल्या मुलींचे दागिने गहाण ठेवले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या मुलाला केळुसकर गुरुजींनी हेरले. इंटरनंतर शिक्षण अडले तेव्हा त्यांनीच त्याला सयाजीराव महाराजांकडे नेले, आणि दरमहा 25 रुपये शिष्यवृत्ती मिळाली. 1913 साली अमेरिकेला जाता आले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. ती मुदत संपताच 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले, हेही विसरू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे स्वप्न लहान असेल तर लाजू नका, आणि मोडले असेल तर ते लपवू नका. कुठे अडले ते घरात आणि संस्थेत येऊन सांगा. सभासद बंधूंना विनंती, आपल्या आळीत बागेत, जिन्यावर, रस्त्याच्या दिव्याखाली वाचत बसलेले मूल दिसले तर त्याला नाव, इयत्ता विचारा आणि पुढच्या रविवारी विहारात घेऊन या. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला आम्ही सकाळी दहापासून बसणार आहोत. दाखल्यांच्या झेरॉक्स प्रती तेवढ्या बरोबर आणाव्यात.

जयभीम.