घरचे लव्हबर्ड आणि त्यांचे रंग



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा पिंजऱ्यापाशी बसून जे कळले, तेवढेच सांगते.

आपण ज्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतो, ते खरे बजरीगर, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. रानात त्यांचे थवे हिरवेच असतात. १८४० साली ते इंग्लंडात नेले. निळे, पिवळे, पांढरे हे पुढे पिंजऱ्यांत निपजले.

ओळख अवघड नाही. पिवळे अंग नि लाल डोळे, तो लुटिनो. पांढरे अंग नि लाल डोळे, तो अल्बिनो. चोचीवरची कातडी हिरव्या-निळ्या नराची निळी, मादीची विणीच्या दिवसांत तपकिरी. लुटिनो व अल्बिनो नराची मात्र मोठेपणीही गुलाबी-जांभळी राहते. मादी दिवसाआड अंडे घालते. सुमारे १८ दिवस उबवल्यावर पिल्लू निघते.

कधी हिरव्या जोडीच्या घरट्यात निळे पिल्लू निघते. बघणाऱ्या बायका लगेच मादीला नावे ठेवतात. पण निळा रंग आई आणि बाप दोघांकडून मिळाल्याखेरीज दिसतच नाही. तो दोघांच्याही अंगी लपलेला असतो. अशा जोडीला सरासरी चारांत एक पिल्लू निळे होते.

माणसाच्या वर्णाचा हिशेब इतका सरळ नसतो. पण तोही दोन्ही घरांकडून येतो. तरी नात सावळी निघाली की आपण सुनेचे माहेर काढतो. पुणतांब्यात यापुढे कुठल्या बारशाला आपल्या तोंडून तो शब्द निघू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.